यंत्र सीमा ओलांडतं, कार्ड ओलांडत नाही: हैदराबादचं तंत्रज्ञान आणि सीमाभागातल्या बायकांचा कॅन्सर

सोलापूर, उमरगा, झहीराबाद करत येणारा ६५ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग आणि नांदेड, देगलूरकडून येणारा १६१ क्रमांकाचा महामार्ग संगारेड्डीजवळ एकत्र येतात. तिथेच कंदीला आयआयटी हैदराबाद आहे. या आयआयटीत बायोमेडिकल इंजिनिअरिंगचा स्वतंत्र विभाग आहे. पुढे पटनचेरूच्या बाजूला सुलतानपूरला तेलंगणा सरकारने २०१७ मध्ये सुरू केलेला मेडिकल डिव्हाइसेस पार्क आहे. सुमारे २५० एकरांवर वैद्यकीय उपकरणांचे कारखाने. आणि शहरात शिरलं की रेड हिल्सला एमएनजे कॅन्सर हॉस्पिटल, बंजारा हिल्सला बसवतारकम कॅन्सर हॉस्पिटल.

म्हणजे बघा, संशोधन, उत्पादन आणि उपचार, तिन्ही एकाच रस्त्यावर. नांदेड, लातूर, धाराशिव, बिदरकडचे पेशंट याच रस्त्याने किंवा देवगिरी, अजिंठा एक्स्प्रेसने हैदराबाद गाठतात. पण बहुतेक बाया तिथे पोचतात तेव्हा आजार पुढे गेलेला असतो. कारण या साखळीची पहिली कडी, म्हणजे गावाजवळची तपासणी, आपल्या टोकाला अजून नीट बसलेलीच नाही.

हैदराबाद आणि इतर शहरांतून कॅन्सर ओळखणाऱ्या नव्या यंत्रांच्या बातम्या नेहमी येतात. कधी एआय, कधी मोबाईलला जोडायचा कॅमेरा, कधी तासाभरात निकाल देणारी चिप. बातम्या खोट्या नसतात. प्रश्न एवढाच आहे की यातलं काय खरोखर उपयोगाचं, आणि ते बिलोली किंवा औरादच्या बाईपर्यंत का पोचत नाही.

आकडे काय सांगतात

जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेच्या २०२२ च्या अंदाजानुसार भारतात त्या एका वर्षात स्तनाच्या कॅन्सरच्या सुमारे १ लाख ९२ हजार नव्या केसेस झाल्या आणि ९८ हजारांवर मृत्यू. गर्भाशयमुखाच्या, म्हणजे आपल्याकडे ज्याला गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर म्हणतात, त्याच्या सुमारे १ लाख २७ हजार केसेस आणि जवळपास ८० हजार मृत्यू.

दुसरा आकडा जास्त बोलका आहे. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३० ते ४९ वयाच्या बायकांना विचारलं, तुमची गर्भाशयमुखाची तपासणी कधी झाली आहे का? ‘हो’ म्हणणाऱ्या देशभरात १.९ टक्के. स्तनाची तपासणी झालेल्या ०.९ टक्के. शंभरातल्या दोन आणि एक. आणि हे कधी, तर केंद्राने २०१६ मध्येच ३० ते ६५ वयाच्या सगळ्या बायकांची पाच वर्षांतून एकदा तपासणी करायची मार्गदर्शक तत्त्वं काढलेली असताना.

गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर एका रात्रीत होत नाही. एचपीव्ही नावाच्या विषाणूची लागण राहून राहून, साधारण दहा-पंधरा वर्षांत तो वाढतो. मधल्या काळात पेशी बदलायला लागलेल्या असतात, पण दुखत नाही, खुपत नाही. तेव्हा सापडलं तर ओपीडीत काही मिनिटांत उपचार होतो. अंगावरून रक्त जायला लागल्यावर सापडलं तर पाच आठवडे शेक, सोबत किमो, आणि तरीही खात्री नाही.

पुरावा आपल्याच गावांतला आहे

ही गोष्ट सीमाभागातल्या प्रत्येक वाचकाला माहीत असायला हवी. एचपीव्हीची तपासणी केली तर जीव वाचतात, याचा जगातला सर्वांत भक्कम पुरावा तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातून आला.

बार्शीचं नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल, मुंबईचं टाटा मेमोरियल आणि आंतरराष्ट्रीय कॅन्सर संशोधन संस्था यांनी १९९९ पासून हा अभ्यास केला. गावांचे ५२ गट, ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजारांहून जास्त बायका. चार भाग पाडले. एका भागात एचपीव्ही तपासणी, दुसऱ्यात पॅप स्मिअर, तिसऱ्यात पातळ ॲसिटिक ॲसिड, म्हणजे व्हिनेगर लावून डोळ्याने बघायची ‘व्हिया’ तपासणी, आणि चौथ्यात फक्त माहिती, तपासणी नाही.

निकाल २००९ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये छापून आला. आठ वर्षांत एचपीव्ही तपासणी झालेल्या गटात या कॅन्सरने ३४ मृत्यू, तपासणी न झालेल्या गटात ६४. आजार पुढच्या टप्प्यात गेलेल्या बायका एका गटात ३९, दुसऱ्यात ८२. आयुष्यात एकदाच केलेल्या तपासणीने मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. शिवाय ज्यांचा एचपीव्ही रिपोर्ट निगेटिव्ह आला, त्यांच्यात त्या काळात या कॅन्सरने एकही मृत्यू झाला नाही.

चौथ्या गटातल्या बायकांना तपासणी न देता नुसतं बघत राहणं बरोबर होतं का, यावर नंतर मोठा वाद झाला आणि तो रास्तही होता. पण त्याहून मोठा प्रश्न नंतरच्या वर्षांचा आहे. जगभरच्या तज्ज्ञांनी हा पुरावा उचलला. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये ३० वर्षांनंतर दर पाच ते दहा वर्षांनी एचपीव्ही तपासणी करा, असं सांगितलं. आणि ज्या गावांनी हा पुरावा दिला, त्या गावांच्या आजूबाजूला ही तपासणी सरकारी दवाखान्यात सहज मिळते असं आजही म्हणता येत नाही.

मेडचलमध्ये काय झालं

हैदराबादचंही असंच आहे. शहराच्या उत्तरेला लागून असलेल्या मेडचल भागात मेडिसिटी वैद्यकीय संस्थेच्या पथकाने गावातल्या बायकांमध्ये एक साधी पण महत्त्वाची गोष्ट तपासली: नमुना बाईने स्वतःच घेतला तर चालतं का? कापसाच्या बोळ्यासारखा किंवा ब्रशसारखा छोटा तुकडा, आडोशाला जाऊन स्वतःच वापरायचा आणि नळीत टाकायचा. २००९ मध्ये त्यांनी निष्कर्ष मांडला की ही पद्धत वापरता येण्याजोगी आहे. पुढे भारत, निकाराग्वा आणि युगांडा या तीन देशांत ‘केअर-एचपीव्ही’ नावाच्या स्वस्त तपासणीची जी मोठी चाचणी झाली, तिचं भारतातलं केंद्र हैदराबाद होतं. नर्सने घेतलेल्या नमुन्यापेक्षा बाईने घेतलेला नमुना थोडा कमी अचूक निघतो, पण कामापुरता पुरेसा.

हे का महत्त्वाचं? टेबलावर झोपायचं, अनोळखी डॉक्टरसमोर कपडे काढायचे, त्यात डॉक्टर पुरुष असला तर संपलंच. या एका कारणाने किती बाया कॅम्पच्या दारातून परत जातात, हे कुठल्याही आशाताईला विचारा. स्वतः नमुना घ्यायची सोय ही या अडचणीवरची खरी इंजिनिअरिंग आहे. त्यात ना एआय, ना रोबोट, पण बाईची लाज आणि वेळ दोन्ही राखली जाते.

यंत्र आता खरोखर बदललंय

१९९९ मध्ये बार्शीला वापरलेली एचपीव्ही तपासणी महाग होती. एसी लॅब, शिकलेला तंत्रज्ञ, आणि एकदम बरेच नमुने जमल्याशिवाय परवडत नसे. त्यामुळे ‘चांगलं आहे पण आपल्याला झेपणार नाही’ हे उत्तर तेव्हा समजण्यासारखं होतं.

आज ते उत्तर चालत नाही. गोव्यातल्या वेर्णा इथल्या मोलबायो कंपनीचं ‘ट्रूनॅट’ मशीन बऱ्याच वाचकांनी पाहिलेलं असेल. टीबीसाठी आणि कोरोनाच्या काळात तेच वापरलं. छोट्या पेटीएवढं, बॅटरीवर चालणारं, एका वेळी एका पेशंटची चिप टाकायची आणि साधारण तासाभरात निकाल. याच मशीनवर चालणारी एचपीव्हीची चिप तयार झाली. तिची आणि पुण्याच्या मायलॅबच्या एचपीव्ही किटची दिल्लीचं एम्स, नोएडाची कॅन्सर प्रतिबंध संस्था आणि मुंबईची प्रजनन आरोग्य संशोधन संस्था इथे पारख झाली आणि २०२५ मध्ये तिचे निष्कर्ष जाहीर झाले. म्हणजे किट देशी, मशीन ओळखीचं, आणि ते चालवायला शिकलेले तंत्रज्ञही टीबीच्या कामामुळे जिल्ह्यात आधीच आहेत.

उपचाराचंही तसंच. कॅन्सर व्हायच्या आधीच्या टप्प्यातला बिघडलेला भाग पूर्वी गॅसने गोठवून काढायचे. त्याला सिलिंडर लागायचे, आणि सिलिंडर संपला की काम बंद. आता हातात धरायचं, बॅटरीवर चालणारं उपकरण त्या भागाला मिनिटभरात उष्णता देऊन तेच काम करतं. त्याला थर्मल ॲब्लेशन म्हणतात. २०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्याला मान्यता दिली. भूल लागत नाही, ॲडमिट व्हावं लागत नाही. अर्थात कुठल्या बाईला ते चालेल हे आधी नीट बघावं लागतं. कॅन्सरची शंका असेल तर बायोप्सीच करायची.

हे बघण्यासाठी कॅमेरेही आले आहेत. पुण्याच्या पेरीविंकल कंपनीचं ‘स्मार्ट स्कोप’ गर्भाशयमुखाचा फोटो घेऊन साठवतं. त्यामुळे तालुक्याच्या नर्सने काढलेला फोटो हैदराबाद किंवा संभाजीनगरची तज्ज्ञ डॉक्टर त्याच दिवशी बघू शकते. नुसत्या डोळ्याने केलेल्या ‘व्हिया’ तपासणीचाही उपयोग सिद्ध झालेला आहे. मुंबईच्या वस्त्यांमध्ये टाटा मेमोरियलने शिकवलेल्या आरोग्यसेविकांनी ती केली आणि मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. पण त्यात बघणाऱ्याच्या नजरेवर सगळं अवलंबून असतं. फोटो राहिला तर निदान दुसऱ्याला तपासता येतं.

छातीच्या गाठीचं गणित वेगळं

स्तनाच्या कॅन्सरला एचपीव्हीसारखी एक तपासणी नाही. मॅमोग्राफीचं मशीन महाग, ते वाचणारा रेडिओलॉजिस्ट तालुक्याला नाही, आणि तरुण बायकांमध्ये स्तनाच्या ऊती घट्ट असल्याने फोटो नीट वाचता येत नाही. आपल्याकडे हा आजार पाश्चात्त्य देशांपेक्षा साधारण दहा वर्षं लवकर गाठतो, म्हणून ही अडचण मोठी.

इथे नव्या यंत्रांची गर्दी आहे. बंगळुरूच्या निरामई कंपनीचं यंत्र उष्णतेच्या कॅमेऱ्याने फोटो काढतं आणि सॉफ्टवेअर त्यातून अंदाज बांधतं. ‘आय-ब्रेस्ट-एक्झाम’ हे हातात धरायचं उपकरण स्पर्शाने ऊतीचा कडकपणा मोजतं. गोवा सरकारने २०२१ मध्ये ‘स्वस्थ महिला, स्वस्थ गोवा’ कार्यक्रमात ते वापरलं.

पण एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. ही यंत्रं ‘पुढे तपासा’ एवढंच सांगतात. निदान सोनोग्राफी, मॅमोग्राफी आणि बायोप्सीनेच होतं. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने उष्णतेच्या फोटोला मॅमोग्राफीचा पर्याय समजू नका असा इशारा एकदा नव्हे, अनेकदा दिला आहे. तेव्हा तालुक्याच्या कॅम्पमध्ये कोणी ‘मशीनने बघितलं, काही नाही, जा’ म्हणालं आणि हाताला गाठ लागत असेल, तर मशीनवर विश्वास ठेवू नका. बायोप्सी करून घ्या.

उलट, शिकवलेल्या हातांची किंमत आपण कमी लेखतो. मुंबईत दीड लाख बायकांवर वीस वर्षं चाललेल्या टाटा मेमोरियलच्या अभ्यासात आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी फक्त हाताने स्तन तपासले. २०२१ मध्ये निष्कर्ष आला: पन्नाशीपुढच्या बायकांमध्ये स्तनाच्या कॅन्सरचे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी. पन्नाशीच्या आतल्यांमध्ये तसा फायदा दिसला नाही. म्हणजे हे रामबाण नाही, पण यंत्राची वाट न बघता उद्यापासून करता येण्यासारखं आहे.

तपासणी नसली की भीती विकली जाते

मराठवाड्याला आणि जुन्या मेदक जिल्ह्याला, दोघांनाही ठाऊक असलेली एक कडू गोष्ट आहे. पांढरं जातंय, कंबर दुखतेय म्हणून बाई दवाखान्यात जाते आणि ऐकून येते, ‘पिशवी काढा, नाहीतर कॅन्सर होईल.’ बीडच्या ऊसतोड बायकांचं प्रकरण २०१९ मध्ये विधिमंडळापर्यंत गेलं. ८२ हजारांवर बायकांच्या पाहणीत १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली. अविभाजित आंध्रातही असल्या ऑपरेशनांवर ओरड झाली आणि खासगी दवाखान्यांना चाप लावावा लागला.

या सगळ्या ऑपरेशनांमागचं भांडवल एकच, कॅन्सरची भीती. आणि ती भीती खरी की खोटी हे सांगणारी तपासणी जवळ नाही. ‘माझा एचपीव्ही रिपोर्ट निगेटिव्ह आहे’ असा कागद हातात असलेल्या बाईला ‘कॅन्सर होईल’ म्हणून घाबरवणं अवघड आहे. म्हणजे तपासणी नसण्याचा फटका दोन बाजूंनी बसतो. जिला आजार आहे तिला उशीर होतो, जिला नाही तिची पिशवी जाते.

जरा हिशेब मांडू

‘एवढ्या बायका, कोण तपासणार?’ असं अधिकारी म्हणतात. वाणिज्य शाखेचा माणूस म्हणून मला आधी आकडे मांडून बघावेसे वाटतात. समजा एका तालुक्यात तपासणीच्या वयाच्या ३०,००० बायका आहेत. पाच वर्षांतून एकदा तपासायच्या तर वर्षाला ६,०००. कामाचे ३०० दिवस धरले तर रोज २०. धाराशिवच्या अभ्यासात शंभरातल्या साधारण १० बायका एचपीव्ही पॉझिटिव्ह निघाल्या होत्या. तोच अंदाज धरला तर वर्षाला ६००, आठवड्याला १२. आठवड्यातून एक दिवस शिकलेली डॉक्टर, एक कॅमेरा, एक थर्मल ॲब्लेशनचं उपकरण उपजिल्हा रुग्णालयात असलं की काम भागतं. हा आकडा डोंगराएवढा नाही. टीबीच्या मशीनवर भार पडू नये म्हणून वेगळं मशीन किंवा जादा पाळी लागेल, ती धरूनही नाही.

खरा खर्च निराळ्या ठिकाणी लपलेला असतो. तपासणीचा दिवस एक, रिपोर्टचा दुसरा, ‘मोठ्या डॉक्टर’चा तिसरा. प्रत्येक खेपेला बाईची मजुरी बुडते, सोबतच्या माणसाची बुडते, गाडीभाडं जातं. दुसऱ्या खेपेलाच निम्म्या गळाल्या तर पहिल्या तपासणीवर केलेला खर्चही पाण्यात. म्हणून ‘कॅम्पमध्ये ५०० महिलांची तपासणी’ या बातमीला अर्थ नाही. विचारायचं ते हे: पॉझिटिव्ह किती, त्यातल्या किती जणींचा उपचार पूर्ण झाला? प्रति तपासणी खर्च काढू नका, प्रति पूर्ण उपचार खर्च काढा. मग कळेल की त्याच दिवशी निकाल देणारं थोडं महाग मशीन शेवटी स्वस्त पडतं.

दुसरी बाब देखभालीची. २०१५ मध्ये केंद्राने सरकारी दवाखान्यांतल्या यंत्रांच्या दुरुस्तीचा कार्यक्रम आखला, तेव्हाच्या पाहणीत राज्यागणिक १३ ते ३४ टक्के यंत्रं बंद आढळली होती. यंत्र घेणं हा भांडवली खर्च, त्याला फीत कापता येते. चिप, बॅटरी, दुरुस्ती हा चालू खर्च, त्याला कोणी येत नाही. शेकाच्या मशीनचं उदाहरण घ्या. गर्भपिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरमध्ये बाहेरून शेक दिल्यावर आतूनही द्यावा लागतो. त्यासाठी वापरायचा इरिडियमचा स्रोत ७४ दिवसांत निम्मा होतो, म्हणजे तीन-चार महिन्यांनी नवा घ्यायचा. कोबाल्टचा निम्मा व्हायला पाच वर्षांहून जास्त लागतात. छोट्या सरकारी केंद्राला कुठलं परवडेल, हा खरा बायोमेडिकल इंजिनिअरिंगचा प्रश्न आहे. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने ‘भाभाट्रॉन’ हे कोबाल्टचं शेकाचं मशीन बनवलं ते याच विचाराने. आणि बायोमेडिकल इंजिनिअर फक्त कंदीच्या लॅबमध्ये असून भागत नाही, जिल्हा रुग्णालयाच्या आस्थापनेवरही तो लागतो.

आता कार्डाचं बघू

एमएनजे हॉस्पिटल सुरू झालं १९५५ मध्ये. तेव्हा नांदेड, परभणी, बीड, उस्मानाबाद, औरंगाबाद, बिदर, गुलबर्गा, आदिलाबाद, सगळे हैदराबाद राज्यातच होते. ज्यांच्या नावाने हे हॉस्पिटल आहे ते मेहदी नवाज जंग त्याच राज्याचे मंत्री. म्हणजे हा दवाखाना सुरू झाला तेव्हा आपणही त्याच्या हद्दीत होतो. पुढच्याच वर्षी, १ नोव्हेंबर १९५६ ला, राज्यं वेगळी झाली. पेशंटचा रस्ता मात्र बदलला नाही.

आज तेलंगणाची आरोग्यश्री योजना १० लाखांपर्यंत उपचार देते, पण ती तेलंगणाच्या कुटुंबांना. महाराष्ट्राची महात्मा फुले जनआरोग्य योजना ५ लाखांपर्यंत, पण योजनेत असलेल्या दवाखान्यांतच. महाराष्ट्राने कर्नाटकातल्या ८६५ मराठी गावांना ही योजना द्यायचं २०२३ मध्ये ठरवलं, त्यावर बंगळुरूहून लगेच आक्षेप आला. चंद्रपूरच्या जिवती तालुक्यातल्या १४ वादग्रस्त गावांत लोकांकडे दोन्ही राज्यांची रेशनकार्डं आहेत. आणि धर्माबादच्या बाईकडे हैदराबादेत चालेल असं एकच, आयुष्मान भारतचं कार्ड, तेही दवाखाना आणि तो उपचार यादीत असेल तर. तेलंगणा २०२१ मध्ये या योजनेत आला, त्यामुळे कागदावर वाट मोकळी आहे. काउंटरवर ती मोकळी व्हायला दोन्ही राज्यांनी सीमेवरच्या जिल्ह्यांसाठी एक साधा करार करायला हवा: कॅन्सरच्या पेशंटची कागदपत्रं एकमेकांची मान्य, पैसे सरकारांनी आपसांत फेडायचे.

शिवाय प्रत्येकीने हैदराबाद गाठायलाच हवं असंही नाही. संभाजीनगरचं शासकीय कॅन्सर हॉस्पिटल, बार्शी, कलबुर्गीचं किडवाईचं केंद्र आहेच. २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात तीन वर्षांत सगळ्या जिल्हा रुग्णालयांत डे-केअर कॅन्सर केंद्रं उघडायची घोषणा झाली आहे. ऑपरेशन किंवा शेक मोठ्या केंद्रात आणि किमो जिल्ह्यात, असं झालं तर कितीतरी खेपा वाचतील. फक्त हे केंद्र उघडलं की नाही, हे आपल्याला विचारत राहावं लागेल.

संमती कोणत्या भाषेत?

आणखी एक धडा शेजारच्याच राज्याचा. २००९ मध्ये खम्ममला शाळकरी मुलींना एचपीव्हीची लस देण्याचा प्रकल्प झाला. पुढे काही मुलींचे मृत्यू झाल्याची ओरड झाली आणि २०१० मध्ये तो थांबला. चौकशीत मृत्यूंचा लसीशी संबंध आढळला नाही. पण संमती घेण्यात गंभीर गफलती निघाल्या. कित्येक ठिकाणी पालकांऐवजी वसतिगृहाच्या वॉर्डनच्या सह्या होत्या. संसदीय समितीने २०१३ मध्ये कडक ताशेरे ओढले. लसीवरचा विश्वास त्यात बुडाला.

आता पुण्याच्या सीरमची देशी लस आहे आणि मुलींना ती मिळायलाच हवी. पण जी बाई आज पस्तीस-चाळीस वर्षांची आहे, तिचं काम लसीने होणार नाही, तिला तपासणीच हवी. आणि तिला समजावायचं ते तिच्या भाषेत. सीमाभागात एकाच तांड्याच्या आसपास मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू आणि गोरमाटी बोलतात. इंग्रजी फॉर्मवर अंगठा घेणं म्हणजे संमती नव्हे. यंत्र बनवणाऱ्यांनी स्क्रीनच्या रंगाइतकाच याचाही विचार करावा.

तोवर आपण काय करायचं

पाळी गेल्यावर पुन्हा रक्त दिसलं, संबंधानंतर रक्त गेलं, घाण वासाचं पांढरं सतत जात असेल, किंवा छातीत न दुखणारी गाठ लागली, तर अंगावर काढू नका. गाठ दुखत नाही म्हणून साधी, असं समजू नका.

पिशवी काढायचा सल्ला मिळाला तर आधी एचपीव्ही किंवा पॅप तपासणी मागा, आणि दुसऱ्या डॉक्टरला दाखवा.

बायोप्सी झाली तर रिपोर्टबरोबर स्लाइड आणि ब्लॉकही मागून घ्या. नाहीतर मोठ्या दवाखान्यात पुन्हा सुई, पुन्हा खर्च. बायोप्सीचा तुकडा फॉर्मॅलिनमध्येच ठेवला ना, हेही विचारा. साध्या पाण्यात ठेवलेला तुकडा वाया जातो.

निघायच्या आधी आयुष्मान कार्ड काढा आणि कुठला दवाखाना त्यात आहे हे १४५५५ वर विचारा. रेल्वेत कॅन्सर पेशंटला उपचारासाठीच्या प्रवासात स्लीपर आणि थ्री-टियर एसीचं भाडं पूर्ण माफ आहे, सोबतच्या एकाला ७५ टक्के सवलत. दवाखान्याकडून ठरलेल्या नमुन्यातला दाखला घ्यावा लागतो, तो मागितल्याशिवाय मिळत नाही.

आणि ग्रामसभेत, जिल्हा परिषदेत, आमदारांच्या जनता दरबारात तीन प्रश्न विचारा. आपल्या तालुक्यात एचपीव्ही तपासणी कधी सुरू होणार? पॉझिटिव्ह आलेल्या बाईचा उपचार त्याच दवाखान्यात होणार का? आणि गेल्या वर्षी किती जणींचा उपचार पूर्ण झाला? पंचवीस वर्षांपूर्वी आपल्या बायकांनी साऱ्या जगाला उत्तर मिळवून दिलं. त्या उत्तराचा पहिला हक्क त्यांच्या लेकी-सुनांचा आहे.